नवीन सॉल्टवॉटर टँक सायकल होताना पाणी बदलायचं का, कधी आणि किती

खाऱ्या पाण्याचा नवीन टँक सायकल होत असताना, म्हणजे त्यात विषारी अमोनिया खाणारे बॅक्टेरिया वाढत असताना, वॉटर चेंज करायचा का, असं विचारलं की दोन ठाम उत्तरं मिळतात. एक म्हणतं अजिबात हात लावू नका, बॅक्टेरिया निघून जातील, सायकल पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागेल. दुसरं म्हणतं दर आठवड्याला वीस टक्के बदला, सवय लागलेली बरी. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्हीत एक गोष्ट कुणी विचारतच नाही, ती म्हणजे टँकमध्ये आत्ता जिवंत काय आहे. नुसता कोरडा रॉक आणि वाळू असेल तर नियम वेगळा, लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्रातले जीव अजून अंगावर असलेला रॉक, असेल तर वेगळा, आणि मासा आधीच टाकून बसला असाल तर पूर्णच वेगळा. त्यामुळे कॅलेंडर बघू नका, टेस्ट किट बघा आणि टँकमध्ये कोण राहतंय ते बघा, बाकी सगळं ह्यावरूनच ठरतं.

आधी बॅक्टेरिया निघून जातात ह्या भीतीबद्दल. अमोनिया खाणारे आणि नायट्राइट खाणारे जीव पाण्यात तरंगत राहत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात, म्हणजे रॉकवर, वाळूच्या कणांवर, फिल्टर मीडियावर, अगदी पाइपच्या आतल्या बाजूलाही पातळ थर धरून. पाण्यात त्यांचा अगदी थोडा भाग असतो. म्हणून अर्धं पाणी काढलं तरी अर्धे बॅक्टेरिया जात नाहीत, जवळजवळ सगळे जागेवरच असतात. ह्याला अपवाद एकच, बाटलीतले बॅक्टेरिया नुकतेच ओतले असतील तर ते अजून चिकटलेले नसतात, त्यामुळे पुढचे चार-पाच दिवस पाणी बदलू नका, आणि पहिले दोन दिवस स्किमर, म्हणजे फेस करून मैला काढणारं यंत्र, आणि यूव्ही दिवा बंद ठेवा. जाता जाता एक छान माहिती, अमोनिया खाणारे फक्त बॅक्टेरियाच नसतात, आर्किया नावाच्या वेगळ्याच गटातले सूक्ष्मजीवही ते काम करतात, आणि त्यातला नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा २००५ मध्ये सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या एका खाऱ्या टँकमधूनच वेगळा करण्यात आला होता.

आकडे आधी डोक्यात बसवा

सायकल म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट, हे सगळ्यांना पाठ असतं, पण प्रमाण फार कमी लोकांना माहीत असतं आणि सगळी घाबरगुंडी तिथेच होते. १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम, अमोनियापासून साधारण २.७ पीपीएम नायट्राइट तयार होतं आणि त्यातून साधारण ३.६ पीपीएम नायट्रेट. म्हणजे तुम्ही २ पीपीएम अमोनिया घातला आणि तो सगळा नायट्राइट झाला तर टेस्ट ५.४ दाखवायला हवी, आणि बऱ्याच किटचा चार्ट ५ लाच संपतो. तर नळीतला रंग चार्टच्या शेवटच्या चौकोनापेक्षाही गडद जांभळा दिसला म्हणून काही बिघडलंय असं नाही, हिशोबच तेवढा येतो. दोनदा अमोनिया घातला असेल तर दहाच्या वर. असा गडद रंग आला की नमुना पातळ करून बघा, १ मिली टँकचं पाणी आणि ४ मिली आरओ पाणी घ्या, टेस्ट करा, आलेल्या आकड्याला पाचाने गुणा. तेव्हा कळतं की काल २० होतं आणि आज १२ आहे, म्हणजे काम व्यवस्थित चालू आहे. चार्टवर मात्र दोन्ही दिवस एकच जांभळा दिसला असता आणि सायकल अडकली असं वाटलं असतं.

अजून एक, नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटची टेस्ट खोटं जास्त वाचन देते, कारण ती टेस्ट आधी नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग तेच मोजते. म्हणून नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेट मोजण्यात टेस्ट वाया घालवू नका, आणि तो आकडा बघून वॉटर चेंज तर अजिबात ठरवू नका.

पाणी बनवण्याची तयारी सायकल सुरू करतानाच करा

पुढे कधी अचानक पाणी बदलायची वेळ आली तर तयार मीठपाणी हाताशी हवं, म्हणून हा भाग आधी सांगतो. नळाचं पाणी नको. त्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, आणि क्लोरामाइन फोडलं की त्यातून अमोनिया सुटतो, मग तुमच्या टेस्टचा अर्थच लागत नाही. शिवाय सिलिकेट, फॉस्फेट आणि तांबं येतं ते वेगळंच. आरओ आणि पुढे डीआय, म्हणजे उरलेले क्षार काढणारा फिल्टर, लावलेलं पाणी वापरा, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ.

मीठ म्हणजे ॲक्वेरियमचं सॉल्ट मिक्स, स्वयंपाकाचं नाही. एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, ब्रँडनुसार थोडं इकडेतिकडे. आधी पिंपात पाणी घ्या, त्यात पॉवरहेड, म्हणजे पाणी फिरवणारा छोटा पंप, चालू ठेवा, मग मीठ हळूहळू सोडा. उलटं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं तर तळाशी इतकं दाट द्रावण होतं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना पकडून पांढरा गाळ म्हणून खाली बसतात, तो परत विरघळत नाही आणि पिंपाच्या भिंतीवर खरखरीत थर राहतो. पाणी पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत फिरू द्या, काही मिक्सना दोन तास पुरतात, काहींना रात्रभर लागतं, पाकिटावरची सूचना वाचा.

मग तापमान टँकएवढं करा, २५-२६ अंश, आणि खारटपणा मोजा. ३५ पीपीटी, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, असेल तर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी साधारण १.०२६ येते. रिफ्रॅक्टोमीटर वापरत असाल तर तो ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवून घ्या, नुसत्या आरओ पाण्यावर शून्य लावून वरचा आकडा बरोबर येईलच असं नाही.

आणि हे कृपया लक्षात ठेवा, टँकमधलं पाणी उडून कमी झालं तर ती भर नुसत्या आरओ पाण्याने घालायची, मीठपाण्याने नाही. वाफ होऊन पाणी जातं, मीठ मागेच राहतं. रोज मीठपाण्याने भर घातली तर चार आठवड्यांच्या सायकलमध्ये खारटपणा कुठल्या कुठे जातो. नवीन टँकला झाकण नसेल तर पाणी भरपूर उडतं, म्हणून काचेवर बाहेरून एक टेपची खूण करा आणि रोज तिथपर्यंत आरओ भरा. ह्याला वॉटर चेंज म्हणत नाहीत आणि हे सायकलभर रोज करायचंच आहे.

टँकमध्ये फक्त ड्राय रॉक आणि वाळू असेल तर

इथे वाचवायला काहीच जिवंत नाही, तर पाणी बदलायची घाई नाही. अमोनिया तुम्ही स्वतः घालताय, तो बॅक्टेरियाचं अन्न आहे, तो काढून टाकलात तर मीठही वाया आणि वेळही. मेलेली कोळंबी टाकून कुजवायची जुनी पद्धत मी सुचवत नाही, अमोनिया किती सुटेल ह्यावर काहीच ताबा राहत नाही आणि फॉस्फेटही वाढतं. शुद्ध अमोनियम क्लोराइड चांगलं, १०० लिटर पाण्याला साधारण ०.६ ग्रॅम घातलं की २ पीपीएम होतं. मात्र १०० लिटर म्हणजे खरे १०० लिटर धरा. ६० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा टँक कागदावर १२१ लिटरचा असतो, पण रॉक, वाळू आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली तर आत नव्वदच्या आसपास भरतं, संप, म्हणजे टँकला जोडलेली फिल्टरची वेगळी टाकी, असेल तर त्यातलं पाणी वर धरायचं. पहिल्यांदा भरताना किती बादल्या गेल्या ते लिहून ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं जातं.

तर क्रम असा. २ पीपीएम घाला, एक-दोन दिवसाआड अमोनिया मोजा, तो ०.५ च्या खाली आला की परत घाला, पण नायट्राइट खूप वर असेल तर पुढचा डोस थांबवा आणि त्याला उतरू द्या. नायट्राइट खाणारे जीव हळू वाढतात, मधला तो जांभळा काळ सगळ्यात लांब आणि कंटाळवाणा असतो, तीन ते सहा आठवड्यांच्या सायकलमधला मोठा वाटा त्यातच जातो. धीर धरा, खरंच. लाइट बंद ठेवा, शेवाळाला उगाच आमंत्रण नको.

आता ह्या प्रकारात पाणी कधी बदलायचं? माझ्या मते मोजून तीन वेळा.

पहिली, अमोनिया ५ पीपीएमच्या वर गेला असेल, चुकून दोनदा घातला किंवा रॉकवर आधीच्या मेलेल्या जिवांचा मैला होता. एवढा अमोनिया पुढच्या टप्प्यातल्या नायट्राइट खाणाऱ्यांना दाबून ठेवतो. तेव्हा अर्धं पाणी बदला, परत मोजा, अजूनही ४ च्या वर असेल तर दुसऱ्या दिवशी परत अर्धं.

दुसरी, नायट्राइट पातळ करून मोजल्यावरही दोन-तीन आठवडे एकाच जागी ठाण मांडून आहे. ह्यात पाणी बदलायच्या आधी दोन गोष्टी तपासा. पीएच आणि अल्कलिनिटी, म्हणजे पीएच टिकवून धरणारे पाण्यातले कार्बोनेट, पडली आहे का, कारण अमोनियाचं नायट्रेट होताना अल्कलिनिटी खर्च होते, २ पीपीएमच्या प्रत्येक डोसमागे जवळजवळ ०.७ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) जाते, चार-पाच डोस झाले की ८ ची ५ झालेली असू शकते. दुसरं म्हणजे फॉस्फेट. ड्राय रॉक, शुद्ध आरओ आणि शुद्ध अमोनिया ह्या सगळ्यात फॉस्फेट जवळजवळ नसतंच, आणि वाढायला त्या जिवांनाही थोडं लागतं. माशांच्या खाण्याची एक चिमूट टाकली की तेवढं मिळतं. अल्कलिनिटी पडली असेल तर तीस-चाळीस टक्के ताजं मीठपाणी हा सगळ्यात सोपा उपाय, नायट्राइट पातळ होतं आणि अल्कलिनिटीही वर येते, एका दगडात दोन पक्षी.

तिसरी वेळ म्हणजे सायकलच्या शेवटी, ते पुढे येतंच.

लाइव्ह रॉक असेल तर गोष्ट बदलते

ओल्या, जिवंत रॉकवर स्पंज असतात, नळीत राहणारे किडे असतात, कोरॅलाइन शेवाळ असतं, कोपेपॉड नावाचे अगदी बारके कवचधारी जीव असतात, बारके खेकडे असतात. प्रवासात त्यातले बरेच मरतात आणि त्यांच्या कुजण्यातून अमोनिया सुटतो, तुम्हाला वेगळा घालायची गरज नाही आणि कृपया घालूही नका. ह्या जीवांसाठीच तर आपण लाइव्ह रॉक घेतो ना, मग त्यांना चार आठवडे अमोनियात भिजवून मारण्यात काय अर्थ आहे.

इथे अमोनियाचा विषारीपणा समजून घ्या. टेस्ट किट जो आकडा देतं तो एकूण अमोनिया, त्यातला मुक्त अमोनिया हा खरा विषारी. पीएच ७ ला तो जेमतेम अर्धा टक्का असतो, पण खाऱ्या टँकच्या ८.२ पीएचला सहा-सात टक्क्यांवर जातो. म्हणजे गोड्या पाण्यात जो आकडा चालून जातो तोच इथे दहापट जास्त त्रास देतो. म्हणून लाइव्ह रॉकच्या टँकमध्ये एकूण अमोनिया १ च्या वर दिसला की मी पंचवीस-तीस टक्के पाणी बदलायला सांगतो, लागलं तर दोन दिवसांनी परत. हे बॅक्टेरियाचं अन्न तोडणं नाही, कुजणं चालूच आहे, त्यांना पुरेसं मिळत राहतं.

पाणी काढतानाच रॉकची सफाई करा. मोठी ड्रॉपरसारखी फुंकणी घ्या आणि रॉकच्या खाचांमध्ये पाण्याचा झोत मारा, राखाडी-तपकिरी मैल्याचा ढग बाहेर येईल, तो खाली बसायच्या आत सायफनच्या नळीने ओढून घ्या. एखाद्या भागावर पांढुरका बुळबुळीत थर दिसला आणि वास घेतल्यावर कुजकट अंड्यासारखा आला तर तो मेलेला स्पंज असतो, तेवढा तुकडा बाहेर काढून टँकच्या काढलेल्या पाण्याच्याच बादलीत ब्रशने घासून टाका. नळाखाली धुवायचा नाही. असा एक सडका तुकडा काढला की अमोनिया जितका उतरतो तितका दोन वॉटर चेंजनीही उतरत नाही.

मासा आधीच टँकमध्ये असेल तर

मासा ठेवून सायकल करू नये हे माझं ठाम मत आहे, माशाचे कल्ले जळतात आणि तो बोलून दाखवू शकत नाही. पण कुणी भेट म्हणून आणून दिला, किंवा दुकानात सांगितलं की चालतं आणि विश्वास ठेवला, तर आता त्या माशाला वाचवायचं हेच काम. रोज टेस्ट. एकूण अमोनिया ०.२५ च्या वर गेला की त्याच दिवशी वॉटर चेंज, तीस ते पन्नास टक्के. खाणं अगदी थोडं आणि दिवसाआड. बाटलीतले बॅक्टेरिया घाला, अमोनिया बांधणारं द्रव्य जवळ ठेवा, पण ते घातल्यावर नेहमीची टेस्ट बांधलेला अमोनियाही मोजते, त्यामुळे आकडा तसाच दिसला तर गोंधळून डबल डोस देऊ नका. मासा पृष्ठभागाशी येऊन जोरजोरात कल्ले हलवत असेल तर टेस्टचा रंग चढायची वाट बघत बसू नका, आधी पाणी बदला. शक्य असेल तर सायकल झालेल्या कुणाच्या तरी टँकमध्ये त्याला काही आठवडे पाहुणा म्हणून ठेवा, ह्यापेक्षा चांगला उपाय नाही.

नायट्राइटची मात्र इथे गोड्या पाण्याइतकी भीती बाळगू नका. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड प्रचंड असतं आणि कल्ल्यांमधून आत शिरताना ते नायट्राइटला अडवतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यातले मासे गोड्या पाण्यातल्यांपेक्षा कितीतरी जास्त नायट्राइट सहन करतात. फक्त नायट्राइट दिसतंय आणि अमोनिया शून्य आहे, तर रात्री उठून पाणी बदलायची गरज नाही.

प्रत्यक्ष पाणी बदलताना

आधी हीटर बंद करा, आणि बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर काच तडकते, आणि खाऱ्या पाण्यात तडकलेला हीटर म्हणजे थेट शॉकचा धोका. रिटर्न पंप आणि पॉवरहेडही बंद. सगळ्या वायरी प्लगच्या खाली झोका घेऊन वर जातील अशा ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही, खाली टपकतं. सायफनने मोजून बादल्या काढा. वाळू ह्या दिवसांत खोलवर ढवळू नका, वरवरचा मैला ओढला तरी पुरे.

नवीन पाणी हळू ओता, एखाद्या ताटलीवर किंवा रॉकवर धार सोडा म्हणजे वाळूत खड्डा पडत नाही. तापमानात एक अंश आणि खारटपणात १ पीपीटी एवढाच फरक चालवून घ्या, कोरड्या रॉकच्या टँकमध्ये थोडं जास्त झालं तरी काही मरणार नाही, पण जिवंत काही असेल तर काटेकोर राहा. फिल्टर मीडिया ह्याच दिवशी धुवायची हौस आवरा. पंप सुरू केले, पाणी फिरू लागलं, हीटर पूर्ण पाण्याखाली आहे ना हे डोळ्यांनी बघून मगच तो चालू करा. टेस्ट लगेच नाही, तासाभराने.

शेवटचा मोठा वॉटर चेंज

२ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं, आणि दुसऱ्यांदा घालूनही तसंच झालं, की सायकल पूर्ण. आता नायट्रेट मोजा. चार डोस घातले असतील तर हिशोबाने २९ च्या आसपास यायला हवं, कुणाचं ५०-६० ही येतं.

इथे मात्र सढळ हाताने बदला. नायट्रेट उतरवायला एकच मोठा बदल हा बऱ्याच छोट्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. ४० पीपीएम असेल आणि एकदम पन्नास टक्के बदललंत तर २० राहतं, तेवढंच पाणी दहा-दहा टक्क्यांनी पाच वेळा बदललं तर २३.६ राहतं, कारण दर वेळी तुम्ही थोडं नवीन पाणीही बाहेर काढत असता. मासे नाहीत, कोरल नाहीत, तर सत्तर-ऐंशी टक्के बदलायलाही हरकत नाही, फक्त रॉक फार वेळ कोरडा पडू देऊ नका, लागलं तर वरून मीठपाणी शिंपडत राहा. इतका मोठा बदल करायची ही शेवटची निवांत संधी असते, नंतर जीव असताना एवढं करता येत नाही.

पण नायट्रेट शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. ५ ते १० च्या आसपास सोडा. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेलेल्या नवीन टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव फोफावतात, तपकिरी शेंबडासारखे धागे आणि त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे, आणि ते घालवणं ह्या सगळ्या सायकलपेक्षा अवघड आहे. साधा तपकिरी भुकटीसारखा थर मात्र डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो, लाइट लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तो येतोच, त्यासाठी वेगळे वॉटर चेंज करत बसू नका, पाण्यातलं सिलिकेट संपलं की जातो.

मोठ्या बदलानंतर एक-दोन दिवसांत पहिला मासा आणा, एकच आणि छोटा, कारण बॅक्टेरियांना अन्न मिळत राहायला हवं. लगेच मासा आणायचा नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी १ पीपीएम अमोनिया घालत राहा, आणि मासा आणायच्या आदल्या दिवशी तो शून्य झालाय का ते बघा. मासा आल्यावर पहिला आठवडा रोज अमोनिया मोजा. शून्यच येत राहिला तर मग आठवड्याला दहा टक्के बदल सुरू करायचा, दुसरा मासा त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी.